ताऱ्यांवरून वेळ सांगणारी पितळी चकती केली, पण ती रोज ४० मिनिटं मागे का?

कानसवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदी शेवटी आहे, घाई असेल त्यांनी थेट खाली जावं.

मी रिटायर्ड फिटर. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी थर्ड शिफ्टला. झोपेचं तंत्र तेव्हा जे बिघडलं ते बिघडलंच. आता वर्तकनगरला सातमजली सोसायटीत राहतो, आणि बारा वाजेपर्यंत झोप आली नाही तर गच्चीवर जातो. घरातून विचारणा झालेली आहे की अंथरूण वरच पाठवू का.

नात सातवीत आहे. तिनं विचारलं, "आबा, घड्याळं नव्हती तेव्हा रात्री किती वाजले ते कसं कळायचं?" मी ठोकून दिलं, तारे बघून. ती म्हणाली, "कसं?" तिथे माझी गाडी अडली.

मग शोधाशोध केली. सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपातले खलाशी नॉक्टर्नल नावाचं हातात धरायचं यंत्र वापरत. पितळेचं किंवा लाकडाचं. खाली मूठ. मुठीला जोडलेल्या मोठ्या चकतीवर वर्षाचे महिने आणि तारखा. तिच्यावर फिरणारी लहान चकती, तिला तासांचे दाते. सगळ्यांत वर एक लांब पट्टी, आणि मधोमध आरपार भोक. आजच्या तारखेसमोर रात्री बाराचा दाता लावायचा, यंत्र तोंडासमोर धरून भोकातून ध्रुव बघायचा, आणि पट्टी फिरवून सप्तर्षींच्या क्रतू-पुलहांना, म्हणजे ध्रुवाकडे रोख असलेल्या दोन ताऱ्यांना, टेकवायची. पट्टी ज्या दात्यावर आली तेवढे वाजले. संपलं. सेल नको, चावी नको.

आता असं चित्र बघितल्यावर फिटर माणूस गप्प बसेल का? भंगारवाल्याकडून २ मिमीचा पितळी पत्रा आणला. गॅलरीतल्या व्हाइसवर १२ दिवस काम चाललं होतं. मधल्या भोकाचं काम नाजूक आहे, कारण तिन्ही भाग त्याच्याभोवती फिरायला हवेत आणि भोक मोकळंही राहायला हवं. साधा रिव्हेट चालत नाही, पोकळ नळी बसवून दोन्ही टोकं उलटावी लागतात. दात्यांची गंमत मात्र खरी भारी आहे. जुन्या कारागिरांनी बाराचा दाता मुद्दाम लांब ठेवलेला असतो. अंधारात दिवा लावला तर डोळे दिपतात आणि तारे जातात, म्हणून अंगठ्याच्या नखानं लांब दात्यापासून दाते मोजत यायचं. मी त्रिकोणी कानशीनं २४ दाते काढले. डोळे मिटून मोजून बघितले, एकदाही चुकलो नाही. थर्ड शिफ्टला लाइट गेल्यावर हातानं बोल्टचे आटे मोजायची सवय होतीच.

पहिल्या खेपेला एक गाढवपणा केला. तासांचे आकडे सवयीनं घड्याळाच्या दिशेनं ठोकले. उत्तरेकडे तोंड केलं की तारे ध्रुवाभोवती उलटे फिरतात, उजवीकडून वर आणि वरून डावीकडे. पहिल्या रात्री माझ्या यंत्रात वेळ मागे चालली होती. ती चकती आता नातीकडे खेळायला.

दुसरी चकती बरोबर केली आणि महाशिवरात्रीच्या आसपास तीन रात्री वाचनं घेतली. आमच्या इथून ध्रुव सहजासहजी दिसत नाही, उत्तरेला घोडबंदर रोडचे टॉवर. पण टाकीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं राहिलं की दोन टॉवरच्या मधल्या फटीत बरोबर सापडतो. सप्तर्षी खाडीपलीकडे भिवंडीच्या उजेडातून वर येतात.

पहिली रात्र: मोबाइल ९:३०, चकती ८:५०. दुसरी: मोबाइल १०:४५, चकती १०:०५. तिसरी: मोबाइल ११:३०, चकती १०:५५.

माझा हात हलतो, दहा-पंधरा मिनिटांची चूक मला मान्य आहे. पण ती चूक कधी पुढे, कधी मागे पडायला हवी. इथे रोज मागेच, आणि रोज ३५-४० मिनिटं. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर हा ऑपरेटरचा दोष नाही, सेटिंगचा दोष आहे. पण सेटिंग कुठलं? दाते व्हर्नियरनं तपासले, ठीक आहेत. भोक मध्यावर आहे. मग ४० मिनिटं जातात कुठे?

आणि दुसरा छोटा प्रश्न: दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी सप्तर्षी नसतातच. तेव्हा खलाशी काय करत?

यंत्रपुराण (ऐरोली)

काका, आधी त्या लांब दात्यासाठी सलाम. फोटो टाका.

उत्तर सोपं आहे. तुम्ही चित्र कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून घेतलं असणार. या यंत्राचं गाजलेलं वर्णन स्पेनच्या मार्टिन कोर्तेसच्या नौकानयनावरच्या ग्रंथात आहे, सेव्हिल, १५५१. तेव्हा युरोपात ज्युलियन कॅलेंडर होतं. १५८२ मध्ये पोपनं ते दुरुस्त केलं, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर. मधले १० दिवस उडाले. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात. १० दिवस गुणिले ४ मिनिटं, ४० मिनिटं. तुमच्या चकतीवरच्या तारखा जुन्या आहेत, १० दिवस सरकवा. प्रश्न मिटला.

कानसवाला

वा! ४० म्हणजे ४०. आज रात्रीच तारखांची चकती सोडवतो.

गच्चीवरची (नेरूळ)

काका, थांबा! पितळ कापू नका.

यंत्रपुराण यांचं गणित देखणं आहे, पण आकडा जुळला म्हणून कारण जुळतंच असं नाही. आधी एक तपासणी करा. पट्टी सरळ वर ठेवा, बाराचा लांब दाता तिच्याखाली आणा, आणि दात्यासमोर कोणती तारीख येते ते बघा. क्रतू-पुलह ध्रुवाच्या बरोबर वर मध्यरात्री असतात ती तारीख सध्या ७-८ मार्च. तुमच्या चकतीवर तीच असेल तर आराखडा आजच्या काळाचा आहे. १५५१ चा असता तर तिथे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा निघाला असता, कारण नुसत्या १० दिवसांनी भागत नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, ज्याला आपण परांचन म्हणतो, त्यामुळे पावणेपाचशे वर्षांत या दोन ताऱ्यांचा हिशेब आणखी अर्ध्या तासानं सरकलाय. म्हणजे जुन्या आराखड्यात तासाभराची चूक हवी, आणि खालचं कारण धरलं तर दीड तासाहून जास्त. तुमची फक्त ४० मिनिटं आहे.

आता खालचं कारण. तुमची चकती चुकत नाहीये, ती ठाण्याची वेळ सांगतेय. आपला मोबाइल ठाण्याची वेळ सांगतच नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, जो मिर्झापूरजवळून जातो. ठाणे साधारण ७३ अंशांवर. फरक ९.५ अंश. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते, म्हणून ३८ मिनिटं. तारे तुमच्या गच्चीवरचे, त्यांना मिर्झापूरशी काय देणंघेणं?

आपल्याकडे हा फरक एकेकाळी घड्याळांतही होता. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईनं आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. माझे आजोबा पत्रिका बघायला कुणी आलं की आधी विचारायचे, "जन्मवेळ मुंबई टाइम की स्टँडर्ड?" लहानपणी मला ते उगीच खुसपट वाटायचं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. हे यंत्र लिस्बन-लंडनच्या लोकांनी आपल्या आभाळासाठी बनवलंय. लंडनला ध्रुव साडेएक्कावन्न अंश उंच, त्यामुळे सप्तर्षी तिथे मावळतच नाहीत. आपल्याकडे ध्रुव १९ अंशांवर, आणि क्रतू ध्रुवबिंदूपासून २८ अंशांवर. खाली गेला की ९ अंश क्षितिजाच्या पोटात. म्हणून तुमची चकती हिवाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत संध्याकाळी उपयोगी, आणि पावसाळ्यात ढग. दिवाळीत शर्मिष्ठा हा तारकासमूह वापरा, ती सप्तर्षींच्या जवळजवळ समोर असते. फक्त तिच्यासाठी तारखांचं वेगळं वर्तुळ लागेल.

यंत्राशिवायही जमतं. ध्रुवाला घड्याळाचा मध्य समजा आणि क्रतू-पुलहांना तासकाटा. साध्या बारा तासांच्या घड्याळासारखं वाचा. त्यात ७ मार्चपासून उलटलेले महिने मिळवा, बेरीज दुप्पट करा, २४ मधून वजा करा. ७ एप्रिलला काटा १ वर असेल तर १ अधिक १ म्हणजे २, दुप्पट ४, आणि २४ वजा ४ म्हणजे रात्रीचे ८. त्यात ठाण्याची ३८ मिनिटं घाला, ८:३८. वजाबाकी शून्याखाली गेली तर आणखी २४ मिळवायचे. मी हे वाशीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकून करून बघितलंय. रिक्षावाल्याला वाटलं मी बोटांवर भाडं मोजतेय.

यंत्रपुराण (ऐरोली)

ताई, परांचन माझ्या डोक्यातून निसटलं होतं. पण काकांनी तारीख तपासेपर्यंत मी हार मानत नाही :)

चेंदणीचा

आमचं घर चेंदणी कोळीवाड्यात. आज्याची होडी खाडीत असायची. त्यानं असलं यंत्र कधी बघितलं नसणार, पण आभाळ बघायचा. सप्तर्षी हा शब्द त्याच्या तोंडी नव्हता. तो 'बाज' म्हणायचा. चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. बाज उभी राहिली, बाज कलली, बाज बुडाली, एवढ्यात त्याची रात्र मोजून व्हायची. पहाटेला शुक्राची चांदणी.

पण खरं सांगू का, त्याला किती वाजले याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला पाणी कधी चढणार ते हवं होतं, आणि पाणी ताऱ्यांचं ऐकत नाही, चंद्राचं ऐकतं. त्याचा हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमाराला भरती. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशीर करतो, त्यातून हे आलंय. ठाण्यापर्यंत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, तो आजा स्वतःच्या अंदाजानं धरायचा.

तुमचे तारे ४ मिनिटं लवकर, आमचा चंद्र ५० मिनिटं उशिरा. दोन्ही सांभाळणारी चकती करा, मी पहिला गिऱ्हाईक.

नौपाड्याचे भटजी

कानसवाले, युरोपचं झालं, आता आपल्याकडचं एक सांगतो. तुमच्या हातात कला आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

आपल्याकडे रात्री वेळ मोजायचं सर्वांच्या ओळखीचं साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. पण वाटी झोपू देत नाही, कुणीतरी सतत राखण करावी लागते. ढगाळ रात्रीही चालते हा तिचा गुण.

ताऱ्यांचं यंत्र वेगळं, ध्रुवभ्रमयंत्र. इसवी सन १४०० नंतरच्या काळातल्या पद्मनाभ नावाच्या ज्योतिर्विदाचं. त्याच्या 'यंत्ररत्नावली'त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एक आयताकृती पत्रा घ्यायचा. वरच्या कडेजवळ आडवी फट. फटीतून एकाच वेळी दोन तारे दिसले पाहिजेत: ध्रुव, आणि ज्याला पाश्चात्त्य कोकॅब म्हणतात तो. या भागातल्या ताऱ्यांना आपल्याकडे ध्रुवमत्स्य म्हटलंय, एक तारा माशाच्या तोंडाशी, दुसरा शेपटीशी. मासा आभाळात जसा कलेल तसा पत्राही कलवायचा. पत्र्याच्या मध्यावर खालून जड असलेला काटा मोकळा लटकतो. पत्रा कलला तरी काटा ओळंब्यासारखा सरळ राहतो, आणि त्याच्याखालच्या वर्तुळांवर घटका आणि लग्न वाचायचं.

फरक लक्षात आला का? तुमच्या चकतीत मूठ स्थिर आणि पट्टी फिरते. इथे अख्खं यंत्र फिरतं आणि काटा स्थिर. आणि तारखेची चकतीच नाही. कारण साहेबाला किती वाजले ते हवं होतं, त्यासाठी सूर्य कुठे आहे हे कळायला तारीख लागते. आपल्याला पूर्वेला कोणती रास उगवतेय ते हवं होतं, म्हणजे लग्न, आणि ते नुसत्या ताऱ्यांवरून निघतं. रात्रीचा मुहूर्त साधायचा तर हेच कामाचं. उद्या मांडवात मंगलाष्टकं चालू असताना मी असा पत्रा डोळ्याला लावून उभा राहिलो तर दक्षिणा वाढेल की यजमान पळतील, सांगता येत नाही.

लग्नाची वर्तुळं मात्र ज्या त्या गावाच्या अक्षांशाप्रमाणे आखावी लागतात. जयपूरचा पत्रा ठाण्यात चालणार नाही.

गच्चीवरची (नेरूळ)

भटजी, भारी! आणि ताऱ्याची निवड बघा. कोकॅब ध्रुवबिंदूपासून १६ अंशांवर आहे. आपला ध्रुव १९ वर. म्हणजे ठाण्यातही तो मावळत नाही, अगदी खाली गेला तरी ३ अंश शिल्लक. गुजरात-राजस्थानात तर आणखी वर. काकांच्या दिवाळीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं की. युरोपच्या पुष्कळ चकत्यांवरही मोठ्या अस्वलासाठी (म्हणजे आपले सप्तर्षी) एक आणि छोट्या अस्वलासाठी एक अशा दोन खुणा असतात, कारण छोट्या अस्वलात हाच कोकॅब येतो. ३ अंशांवरचा तारा घोडबंदरच्या टॉवरमागे जाणार हे वेगळं.

कानसवाला

मंडळी, आठवडाभरानं लिहितोय, कारण मध्ये आभाळ धुरकट होतं. मेट्रोच्या कामाची धूळ वर चढते आणि ध्रुव त्यात विरघळतो.

नेरूळच्या ताईंनी सांगितलेली तपासणी केली. पट्टी वर, लांब दाता तिच्याखाली, समोर तारीख ८ मार्च. म्हणजे आराखडा आजचाच. यंत्रपुराणसाहेब, तुमची दहा दिवसांची गोष्ट नातीला फार आवडली, ४ नंतर एकदम १५ म्हटल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला की मधल्या वाढदिवसांचं काय. पण पितळ तुमच्या विरोधात आहे.

मग ३८ मिनिटं मिळवून चार रात्री बघितलं. मोबाइलशी फरक: ४ मिनिटं, ९ मिनिटं, ६ मिनिटं, आणि एकदा १४, तेव्हा वॉचमननं खालून टॉर्च मारला होता. कधी पुढे, कधी मागे. आता हा ऑपरेटरचा दोष. मी खूश.

ही ३८ मिनिटं यंत्रातच बसवता आली असती. चकतीवर एका तासाला १५ अंश, त्या हिशेबानं ३८ मिनिटं म्हणजे परत तेच ९.५ अंश. लांब दात्याच्या बाजूला तेवढ्यावर दुसरी खाच मारली की काम झालं असतं. कानस हातात घेतलीही होती. मग ठेवून दिली. मोबाइलची वेळ सांगायला मोबाइल आहे, या पितळेला ठाण्याची सांगू दे. मुठीच्या मागच्या बाजूला नंबर पंचनं फक्त '३८' ठोकलंय.

चेंदणीच्या भाऊ, बाज आता मी पण बाजच म्हणतो. परवा नातीला तीन चोर दाखवले, तर मधल्या चोराशेजारी तिला आणखी एक बारीक तारा दिसला. ती अरुंधती, वसिष्ठांच्या शेजारची. मला चष्मा लावूनही दिसली नाही.

भटजींचा पत्रा सुरू केलाय. ताईंचे १६ अंश धरून हिशेब केला: डोळ्यापासून ३० सेंमीवर धरला तर फट साडेआठ सेंमी तरी लांब हवी, तेव्हा दोन्ही तारे मावतात. लटकणाऱ्या काट्याला बेअरिंगसाठी जुन्या टेबल फॅनचा बुश सापडला. अडलंय ते फटीच्या रुंदीवर. १ मिमी ठेवली तर कोकॅब सापडेपर्यंत हात भरून येतो. ३ मिमी ठेवली तर पत्रा पाच-सात मिनिटांइतका कलला तरी दोन्ही तारे फटीतच राहतात, मग मोजणार काय? सध्या २ मिमीवर आहे आणि समाधान नाही. भटजी, पद्मनाभानं फटीची रुंदी काही दिलीय का? अंगुळात असेल तरी चालेल, मिलिमीटर मी करून घेईन.